आरसा, बॅटरी आणि क-ख-ग : आपलं तोंड आतून कसं बघावं

माझी मावशी कसबा पेठेत राहायची. मशेरी लावायची सवय तिला माहेरपासूनची. एकदा तोंडात काहीतरी टोचायला लागलं म्हणून मी तिला दंतवैद्याकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "नेमकं कुठे?" मावशी बाहेरून गालावर बोट फिरवत राहिली. "इथंच कुठंतरी, आत." तुटलेल्या दाढेची धार निघाली, ती घासल्यावर जखम भरली. पण सत्तर वर्षं ज्या तोंडानं जेवलो-बोललो त्याच्या आत काय कुठे आहे ते सांगता येऊ नये, हे मला फार लागलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही दोघी आरसा घेऊन बसायचो. ती पद्धत इथे लिहिते आहे.

तयारी

तुळशीबागेत मिळतो तसला हातातला आरसा आणि मोबाइलची बॅटरी पुरते. साबणाने हात धुवा, चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा. खिडकीजवळ बसा.

आधी मुळाक्षरं म्हणा

तोंडाचा नकाशा आपल्याला बालवाडीपासून पाठ आहे. क, च, ट, त, प हे वर्ग उच्चारांचं शास्त्र लिहिणाऱ्या जुन्या ग्रंथकारांनी घशाकडून ओठांकडे येत लावले आहेत. सावकाश म्हणा आणि जीभ कुठे टेकते तिकडे लक्ष द्या.

'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो. 'चंद्र'मधल्या 'च'ला जिभेचा मधला भाग कठीण टाळूला भिडतो. 'चोर' म्हणून बघा, तो 'च' पुढे दातांकडे सरकतो. अक्षर एकच, जागा दोन. 'ट' आणि 'ळ' म्हणताना जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं, 'त'ला वरच्या दातांच्या मागे, 'प'ला तर जिभेचं कामच नाही. आता नाक चिमटीत धरून 'म्म्म' करा. आवाज लगेच अडकतो, कारण 'म'ची हवा नाकातून जाते. (तेल घालतो ती डोक्यावरची टाळू वेगळी, ही तोंडाचं छत.)

पुढे एकदा मावशीनं डॉक्टरांना सांगितलं, "ट म्हणताना जीभ लागते ना, तिथं, डावीकडे." त्यांनी आरसा थेट तिथेच नेला.

मग आत बघा

ओठ उलटवून हिरड्या बघा. गाल बोटानं बाहेर ओढा. दात मिटतात त्या रेषेत गालावर पांढरट आडवी रेघ दिसेल, ती बहुतेकांना असते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर छोटा उंचवटा असतो. तो फोड समजून लोक घाबरतात, पण ते कानापुढच्या लाळग्रंथीच्या नळीचं तोंड आहे. चिंच आठवा, तिथूनच पाणी सुटतं. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते.

जीभ बाहेर काढा. तिचं टोक स्वच्छ रुमालात धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा. जिभेच्या कडा नीट बघणं या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं, कारण तोंडाचा कर्करोग जिभेच्या कडेला, जिभेखाली आणि गालाच्या आत बऱ्याचदा सुरू होतो. जीभ अगदी मागे बघितली तर उलट्या व्हीच्या आकारात ८ ते १२ मोठे गोल दाणे दिसतात. ते चवीचेच आहेत, सगळ्यांना असतात. आणि गोड टोकाला, कडू मागे, अशी वाटणी आपण शाळेत शिकलो ती खोटी आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

जीभ टाळूला लावा. खाली दोन निळसर शिरा आणि मधोमध पडद्यासारखी घडी दिसेल. हा भाग बोटानं चाचपा. नंतर मान मागे टाकून टाळू बघा. मधोमध हाडासारखा टणक उंचवटा काहींना असतो. तो वाढत नसेल तर काळजी नाही.

आता मोठा 'आ'. पडजीभ वर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंना टॉन्सिल दिसतात. मऊ टाळू अशीच वर जाऊन नाकाची वाट बंद करते, म्हणून गिळलेलं पाणी नाकात येत नाही. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. तो वर चढतो. त्याच क्षणी श्वासनलिकेवर झाकण पडतं. जेवताना बोललं की ही वेळ चुकते आणि ठसका लागतो.

स्वरतंतू मात्र असे दिसत नाहीत. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. आपण तो खटाटोप करू नये. गणपतीत ओरडून बसलेला आवाज काही दिवसांत मोकळा होतो. तीन आठवड्यांनीही घोगराच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

शेवटी तीन बोटं

तर्जनी, मधलं आणि अनामिका जुळवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. बहुतेकांना ती सहज जातात. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांच्या तोंडाच्या आतलं आवरण कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी पानपट्टीवर सहज मिळते आणि हा आजार मुख्यतः सुपारीचाच. गेल्या महिन्यात तीन बोटं जात होती आणि आता दोनच जातात, असं झालं तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

कधी दाखवायचं

तोंड आलं तर एक-दोन आठवड्यांत बरं होतं. दोन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा, गाठ, जीभ किंवा ओठ बधिर होणं, यांपैकी काही असेल तर दुखत नसलं तरी दाखवा. सुरुवातीला बरेचदा दुखतच नाही. मशेरी किंवा तंबाखूचा बार जिथे ठेवता ती जागा डॉक्टरांना न लाजता सांगा. दिसलं त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि डावं-उजवं लिहून ठेवा, आरशात बाजू उलटी दिसते.