पोरगं जेवत नाही? आधी ताट घेऊन मागे धावणं थांबवा

संध्याकाळी साडेसात वाजले की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज एक तरी आई वाटी-चमचा घेऊन दिसतेच. पुढे दोन-अडीच वर्षांचं पोर पळतंय आणि मागे ती, "हा काऊचा, हा चिऊचा, हा मामाच्या घरचा, हा बघ शेवटचा", आणि तो शेवटचा घास काही केल्या शेवटचा होत नाही. मोठ्या मुलीच्या वेळी मी दीड वर्ष हेच केलं, रोज दोन्ही वेळेला तास तास, आणि रात्री वाटी घासायला टाकताना रडायला यायचं. धाकट्याच्या वेळी पद्धतच बदलली आणि जेवणाच्या वेळची रडारड खरंच थांबली, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, ज्यांची मुलं 1 ते 4 वर्षांची आहेत त्यांच्यासाठी.

पहिलं म्हणजे भूक कमी का होते ते समजून घ्या, अर्धं टेन्शन तिथेच जातं. बाळ पहिल्या वर्षात वजनाला साधारण तिप्पट होतं, म्हणजे 3 किलोचं जन्मलं तर पहिल्या वाढदिवसाला 9 किलोच्या आसपास. आणि त्याच्या पुढच्या अख्ख्या वर्षात वाढतं फक्त दोन-अडीच किलो. वाढच हळू झाली तर भूक कशाला तेवढी लागेल? वर तोपर्यंत पाय फुटलेले असतात, घरभर फिरायचं असतं, कपाटं उघडायची असतात, एका जागी बसून जेवायला वेळ कुणाला आहे. आपल्याला वाटतं की आधी गपागप खायचं आणि आता काय झालं याला, दृष्ट लागली का, पण बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

आता मुख्य नियम, एकच आहे. काय करायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसायचं हे आईने ठरवायचं, आणि किती खायचं, खायचं की नाही, हे पोराने. बस. आपण आपलं काम सोडून त्याच्या कामात घुसतो (अजून दोन घास, अजून एकच) आणि आपलं काम त्याच्यावर सोडतो (काय खाणार राजा? मॅगी करू? पोळी-साखर देऊ?), तिथेच सगळी गडबड होते. दोन वर्षांच्या पोराला विचारलं काय खाणार तर ते बिस्किटच म्हणणार ना!

म्हणून टाइमटेबल लावा. तीन जेवणं आणि मधे दोन खाऊ, प्रत्येकात दोन ते साडेतीन तासांचं अंतर, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. आमच्याकडे सकाळी आठला नाश्ता, साडेदहाला फळ, साडेबाराला जेवण, चारला खाऊ आणि साडेसातला सगळ्यांबरोबर जेवण. ऐकायला सोपं आहे पण पाळायला सगळ्यात अवघड हेच, कारण मधल्या वेळात घरातलं प्रत्येक माणूस पोराच्या हातात काहीतरी ठेवत असतं, आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, शेजारच्या काकूंकडे चिवडा, बाबा ऑफिसातून येताना काहीतरी आणतात. दोन बिस्किटं आपल्याला किरकोळ वाटतात पण एवढ्याशा पोटात तेवढ्यानेच जागा भरते. चहात बुडवून तर अजिबात देऊ नका, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस गप्प होत्या, मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "चारच्या खाऊला मी राजगिऱ्याचा लाडू कुस्करून देत जाईन, तेवढं माझ्याकडे राहू दे." खाऊ देण्यातलं सुख आजीकडून काढून घेऊ नका, फक्त वेळ ठरवून द्या.

दुधाचं जरा सविस्तर सांगते कारण "जेवत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या घरांत खरी गोष्ट ही असते. पोर जेवलं नाही की आपला जीव तुटतो, मग आपण म्हणतो निदान दूध तरी पी बाई, आणि बाटली देतो. पोट भरलं की पुढच्या जेवणाला परत भूक नाही, परत बाटली. असं करत दिवसाला एक लिटर दूध जातं आणि घन अन्न शून्य. एक वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिली दूध पुष्कळ झालं, म्हणजे दोन-अडीच कप, आणि दही-ताक-पनीर देत असाल तर तेही त्यातच धरा. दुधात लोह जवळजवळ नसतं, उलट जास्त दूध प्यायल्याने बाकी जेवणातलं लोहसुद्धा नीट मिळत नाही. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते, की परत दूधच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 6 महिने ते 5 वर्षांच्या 100 मुलांमागे जवळपास 69 मुलांना रक्ताची कमतरता निघाली होती. म्हणजे ही गोष्ट आपल्या तुमच्याच घरातली आहे. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली, ते घरात पडून राहू देऊ नका, द्या. शी काळी झाली तर घाबरू नका, लोहाने होतेच.

बाटली कमी करताना एकदम बंद नको. आधी जेवणाआधीची काढा, मग दुपारची, रात्रीची सगळ्यात शेवटी, आणि दूध कपातून द्यायला लागा. आमच्याकडे पंधरा दिवस लागले, त्यातले पहिले चार वाईट होते.

ताटात किती वाढायचं? आपल्याला वाटतं त्याच्या निम्मं. खरंच. दीड वर्षाच्या पोराला चतकोर पोळी, दोन-तीन चमचे वरण-भात, एक चमचा भाजी एवढंच वाढा, संपलं की ते स्वतः मागतं आणि मागितलेलं वाढताना आईला जे वाटतं ना ते जिने अनुभवलंय तिलाच कळेल. भरलेलं ताट बघून लहान मूल दडपतं. वरण-भातावर तूप आणि लिंबू पिळा, लिंबाने डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं, त्यामुळे चवीपेक्षा जास्त काम करतं ते. भाजी लोखंडी कढईत करा. नाचणी घरात कायम ठेवा, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून दूध कमी केलं की कॅल्शियमचं काय ही काळजी नको. सत्त्वाचा कंटाळा आला तर नाचणीच्या पिठात ताक, किसलेलं गाजर, जिरं घालून छोटी छोटी धिरडी घाला, हातात धरून खाता येतात.

हातात धरून, हे महत्त्वाचं. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडणार, केसात जाणार, कानात पण जाणार, एकदा आमच्या धाकट्याच्या कानामागे दुसऱ्या दिवशी आंघोळीला घातल्यावर वरणाची वाळलेली डाळ निघाली आणि तो ती बघून म्हणाला "आई, काल ठेवली होती!" खाली जुनी चादर पसरा, ती उचलून गॅलरीत झटकायची, झालं काम. भरवायचं असेल तर पहिले दहा मिनिटं त्याला खाऊ द्या आणि मग मधे मधे एखादा घास तुम्ही द्या.

जेवायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात खाल्लं तर खाल्लं, नाहीतर ताट उचला, हसत उचला, चेहरा पाडू नका, "पुढच्या वेळी" म्हणा आणि विषय संपवा. पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत काहीही नाही. पहिल्या दिवशी रात्री तुमच्या पोटात कालवेल, माझ्याही कालवलं, मी दोनदा उठून पोराकडे बघून आले. पण अंगाने धडधाकट पोर एका वेळेला कमी जेवल्याने काही होत नाही, ते दोन-तीन दिवसांत मिळून हिशोब बरोबर करतं. एका जेवणाचा हिशोब ठेवूच नका, आठवड्याचा ठेवा.

गालात घास धरून बसणारी मुलं असतात, आमची मोठी तशी, अर्धा अर्धा तास एक गाल फुगलेला. ओरडून काही होत नाही. घास छोटा करा, जरा ओलसर करा, आणि मुख्य म्हणजे तिचं पोट भरलंय का ते बघा, बहुतेक वेळा पोर गिळत नाही म्हणजे त्याला नको असतं आणि सांगता येत नसतं. तसाच घास गालात ठेवून झोपवू मात्र कधीच नका.

मोबाइल. मला माहितीय की मोबाइल लावला की वाटी दहा मिनिटांत संपते. पण पोराला आपण काय खातोय हे कळत नाही, पोट भरलं तेही कळत नाही, आणि महिन्याभरात असं होतं की मोबाइल नसेल तर तोंडच उघडत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2 वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, 2 ते 5 मधे दिवसभरात मिळून जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलंय. सोडवायचा तर सगळ्यांचेच मोबाइल जेवताना दुसऱ्या खोलीत ठेवा, बाबांचा पण. त्याच्या जागी गप्पा हव्यात. आमच्याकडे "आज कोणती भाजी कुर्रकुर्र करते" हा खेळ चालतो, काकडी जिंकते नेहमी.

नवीन भाजी एकदा नको म्हणाला म्हणून यादीतून काढू नका. दोडका, भोपळा, मेथी, काहीही असो, दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर मग पोर हात लावतं. जबरदस्ती नाही, फक्त एक चमचा ताटात असू द्या आणि तुम्ही त्याच्यासमोर ती आवडीने खा. तांबड्या भोपळ्याची भाजी आमच्याकडे अकराव्या की बाराव्या वेळेला तोंडात गेली आणि बाहेर आली नाही. आणि "भाजी संपव मग चॉकलेट देते" हे बंद, त्याने भाजी ही शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

लोक बोलतात, "किती वाळलाय गं, काही देत नाहीस का?" लग्नात, बारशाला, सगळीकडे. तिथे भांडत बसू नका, घरी येऊन वजन बघा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात, माता-बाल संरक्षण कार्डावर आलेख असतो, त्यावरची रेघ हिरव्या पट्ट्यात आहे आणि वर जातेय तर पोर ठीक आहे, कुणी काहीही म्हणो. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, पोर फिकट दिसतंय, दमतंय, माती खातंय, भिंतीचा चुना चाटतंय, प्रत्येक घासाला ठसकतंय, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे न्या. माती खाणं हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, त्यावर मार देऊन काय होणार.

आता एक भीतीची गोष्ट, पण सांगायलाच हवी. मागे एका बोरन्हाणाला गेलो होतो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओतल्या आणि सगळी बाळगोपाळ मंडळी वेचायला तुटून पडली. त्यात एक सव्वा वर्षाची चिमुरडी, तिने अख्खं बोर तोंडात घातलेलं तिच्या आत्याने बघितलं आणि वेळेत काढलं. सण करा, जरूर करा, पण लहानग्यांसाठी नुसते चुरमुरे ओता, बोरं-रेवड्या बाजूच्या ताटात ठेवा, आणि दागिन्यांमधला हलवा निघतोय का त्यावर डोळा ठेवा. एरवीसुद्धा 4-5 वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गोल गाजराच्या चकत्या नकोत. शेंगदाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. आणि पळता पळता खायला नाही, हसवत भरवायचं नाही, म्हणून तर ते जिन्यातलं भरवणं मला आता बघवत नाही.

तरी अडकलंच तर, पोर जोरात खोकतंय, रडतंय तोवर खोकू द्या. आवाजच येत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर एक वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने 5 जोरात थापा, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर 5 झटके, परत थापा, असं आलटून पालटून. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने 5 वेळा दाब, पोट दाबायचं नाही. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, पाणी पाजू नका. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा, आणि पोर बेशुद्ध पडलं तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची असते, ते कुठे शिकवत असतील तर घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.

आणि आजारपण. ताप-जुलाबात पोर जेवणार नाही, तेव्हा वरचे सगळे नियम बाजूला, थोडं थोडं, दर दोन तासांनी, जे आवडतं ते, मऊ भात-मेतकूट, पेज, काहीही, आणि अंगावर पीत असेल तर मागेल तेव्हा. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्तीचं द्या, गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं. गेल्या महिन्यात ताप उतरल्यावर धाकटा रात्री साडेदहाला उठून बसला, म्हणाला "आई, पोट जागं झालं", आणि अंधारात ओट्याशी बसून त्याने तूप-मीठ-भात वाटी चाटून संपवला.