मित्र, चार पोरं आणि एक गाडी: म्युनिकहून स्वित्झर्लंड कसं करावं

पुण्याचे मित्र आमच्याकडे म्युनिकला यायचं ठरवतात तेव्हा त्यांच्या डोक्यात पॅरिस, रोम आणि ‘जमलं तर अ‍ॅमस्टरडॅम’ असतं. हातात नऊ दिवस. म्हणून पहिली पायरी विमानाची तिकिटं निघण्याआधीची. फोनवरच सांगून टाका: दोन्ही घरची मिळून चार मुलं, धाकटी अडीच वर्षांची, तेव्हा दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी नाही. रुसायचं असेल तर फोनवरच रुसू द्या, गाडीत रुसलेला मोठा माणूस फार जागा खातो.

तीन तासांच्या हिशोबात छान बसणारा रस्ता म्हणजे म्युनिक, लिंडाउ, ऱ्हाइनचा धबधबा, ल्युसर्न. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे पाहुण्यांना जर्मनीसाठी काढलेलाच व्हिसा चालतो. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी नाही. प्रवास विम्याचं कव्हर मात्र किमान ३०,००० युरोचं हवं.

आता गाडी. आठ जणांना दोन छोट्या गाड्या की एक नऊ सीटची? माझं मत नऊ सीटचीच. सात सीटवाल्या गाडीत तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही, आणि दोन गाड्या घेतल्या की अर्धा दिवस ‘तुम्ही कुठे पोचलात?’ यात जातो. ड्रायव्हर धरून नऊ जणांची गाडी इथल्या साध्या कार लायसन्सवर चालवता येते. भाड्याने घेताना ती स्वित्झर्लंडला न्यायची परवानगी करारात लिहून घ्या. मित्रही चालवणार असेल तर त्याने निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढावं आणि त्याचं नाव करारात दुसरा चालक म्हणून घालावं. पहिले दोन दिवस त्याला चालवू देऊ नका. हात आपोआप डावीकडे वळतो.

सगळ्यात वेळ द्यायचा तो मुलांच्या सीटला. जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट सक्तीची. स्वित्झर्लंडमध्येही तेच. ‘एवढंसंच तर जायचंय, मांडीवर घेते’ हे इथे चालत नाही. पुण्यात बाबाशेजारी पुढे बसणाऱ्या आठ वर्षांच्या आमच्या पाहुण्याला बूस्टरवर, म्हणजे मोठ्या मुलांना उंच बसवणाऱ्या बैठकीवर, बसणं हा घोर अपमान वाटला होता. ‘मी काय बाळ आहे?’ मग माझ्या त्याच वयाच्या मुलीने स्वतःचा बूस्टर उचलून त्याच्या शेजारी ठेवला, तेव्हा विषय मिटला. एकदा गाडी घ्यायला गेलो तर धाकटीसाठी सांगितलेल्या सीटऐवजी काउंटरवर नुसता बूस्टर पुढे आला. तेव्हापासून मी सीट ओळखीच्यांकडून आदल्या आठवड्यात मागून आणते. सीटवर केशरी लेबल आणि गोलातला ‘ई’ आहे ना, हे बघा. मग घराखाली ती बसवून पट्टा ओढून पाहा.

पाहुण्यांच्या सामानाबद्दलही बोलून ठेवा. भारतातून तूप, पेढे, हापूस, कढीपत्ता आणायचा नाही, युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. चकली-चिवडा भरपूर आणू दे.

उन्हाळ्यात भारतातलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून भारतातून आलेली पोरं पहाटे चारला टक्क जागी होतात. कुरकुर करू नका, फायदा घ्या. साडेसहाला निघालात की लिंडाउ सुमारे दोन तासांत. बंदरावर दगडी सिंह आहे, चारही पोरांना त्याच्यासमोर सोडा. दुसऱ्या दिवशी मेर्सबुर्गहून गाडीसकट बोटीत चढा. पंधरा मिनिटांत तळ्यापलीकडचं कॉन्स्टान्स, आणि मुलांच्या लेखी सहलीतला सर्वोच्च क्षण हाच! शाफहाउझेनजवळचा धबधबा २३ मीटर उंच आणि १५० मीटर रुंद आहे. काठावरच्या कठड्याशी धाकटीचा हात सोडू नका. ल्युसर्नला पाऊस लागला तर वाहतूक संग्रहालय गाठा, डोंगर उद्यावर ढकला.

स्विस मोटरवेसाठी विनेट (टोलचा स्टिकर किंवा ई-पास) लागतो, ४० फ्रँक, एक दिवसासाठी घ्या की वर्षासाठी, किंमत एकच. परतताना ब्रेगेन्झवरून आलात तर होहेनेम्स ते जर्मन सीमा या तुकड्याला डिसेंबर २०१९ पासून ऑस्ट्रियाचा विनेट लागत नाही.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. छोटा राइस कुकर सोबत असला की संध्याकाळी मऊ खिचडी होते, रडारड निम्मी होते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-फळं शनिवारीच. ऑटोबानवरच्या (जर्मन मोटरवेवरच्या) बऱ्याच शौचालयांना एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं. लहान मुलांना शेजारच्या बुटक्या फाटकातून फुकट जाता येतं. मित्र दर वेळी युरोचे रुपये करत बसेल. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी दोन्ही घरांनी सारखे पैसे घालून एक सामाईक पाकीट करायचं, पेट्रोल, पार्किंग, दूध सगळं त्यातूनच.

गाडी परत करायच्या आदल्या संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या व्हॅक्यूमसाठी सुट्टी नाणी ठेवा. सीटच्या रुळांत घुसलेला चिवडा तिथेच निघतो, शेंगदाणे मात्र हाताने काढावे लागतात.