आखनमध्ये मास्टर्स: व्हिसाच्या पुढचं काही

मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेल्या मुलांचे फोन येतात तेव्हा बहुतेक प्रश्न व्हिसाचेच असतात. एपीएसचं (भारतीय पदव्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, आरोग्य विमा. यादी ठरलेली आहे, ती मुकाट पाळली की काम होतं. घरच्यांना खात्यातली ही रक्कम फी वाटते, तर ती फी नाही; ते पैसे तुमचेच, महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात. आखन शहर ज्या राज्यात येतं तिथे सरकारी विद्यापीठांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्कच नाही. सहामाहीला ३०० युरोंच्या आसपास भरायचे आणि त्यातच प्रवासाचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र आपल्याकडून सहामाहीला १,५०० युरो घेतात, तेव्हा अर्ज करताना राज्य बघा.

फजिती होते ती यानंतर, परीक्षेत.

आपण पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून आलेलो असतो. तिथे वर्षभर कोणी ना कोणी मागे लागलेलं असतं. जर्नल पूर्ण करा, सबमिशनला सही घ्या, हजेरी कमी आहे, एचओडींना भेटा. आपण त्याला शिव्या घालतो, पण त्याच धाकावर सेमिस्टर निघतं. आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात बहुतेक विषयांना हजेरी नाही, इंटर्नल नाही. ऑक्टोबरमध्ये लेक्चर सुरू होतात. तुम्ही आलात काय, न आलात काय, कोणी विचारत नाही. लेक्चर संपलं की मुलं टाळ्यांऐवजी बाकावर बोटांनी टकटक करतात आणि निघून जातात. सगळे मार्क फेब्रुवारी-मार्चमधल्या एका लेखी पेपरवर.

त्या पेपरला बसायचं तर आधी स्वतः ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. मुदत हुकली की विषय पुढच्या खेपेला. आणि नापास झालात तर केटीसारखं कितीही वेळा बसता येत नाही. एका विषयाला तीन संधी. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही गेलात तर अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करण्याचं दारही जवळजवळ बंद होतं. हुशार मुलंही पहिल्या सेमिस्टरला हौसेने सहा-सहा विषय घेतात. घेऊ नका. चार पुरे. तयारी नसेल तर नाव मागे घेण्याचीही मुदत असते. तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली जर्मनमध्ये असली तरी पहिल्याच महिन्यात कोणाला तरी धरून वाचून घ्या.

अभ्यासाची पद्धतही बदलावी लागते. आपल्याकडे पुस्तकातलं उत्तर पानभर लिहिलं की मार्क मिळतात. इथे वेळ इतका कमी असतो की गणित बघताक्षणी हात चालायला हवा. त्यासाठी जुने पेपर सोडवायचे; विद्यार्थी प्रतिनिधींच्या मंडळाकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, ते बऱ्याचदा मिळतात. फेब्रुवारीत नेमका कार्निव्हल येतो. बाहेर विदूषकांच्या आणि चाच्यांच्या वेशातले लोक गाणी म्हणत फिरत असतात आणि तुम्ही लायब्ररीत बसून उष्णतावहनाची समीकरणं सोडवत असता.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली: आइनझिश्त. निकालानंतर एका ठरलेल्या दिवशी तुमचा तपासलेला पेपर तुमच्यासमोर ठेवतात. ओळखपत्र दाखवायचं, फोन आणि पेन बॅगेत, बॅग भिंतीपाशी. मग मिळालेल्या वेळात लाल शाईत कुठे अर्धा, कुठे दीड मार्क दिलाय ते बघायचं. चूक पहिल्या पायरीत झाली असेल आणि पुढची रीत बरोबर असेल, तर पुढचे मार्क द्यायचे असा बऱ्याच ठिकाणी रिवाज आहे, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतंही. तसं दिसलं तर कागदावर आक्षेप लिहून द्यायचा. उद्धटपणा कोणी मानत नाही. आपली मुलं ‘सरांना कसं सांगायचं’ म्हणून जातच नाहीत. इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास, त्यामुळे दोन-तीन मार्कांनीही ग्रेड सरकते. पास झालात तरी जा.

नोकरीचं म्हणाल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं ‘हिवी’चं काम, म्हणजे प्राध्यापकांच्या संस्थेत मदतनिसाचं काम, या मर्यादेत धरत नाहीत. आखनमध्ये मेकॅनिकलवाल्यांची चंगळ आहे: मशीन टूल्सची डब्ल्यूझेडएल प्रयोगशाळा १९०६ पासून आहे, फ्राउनहोफर या संशोधन संघटनेच्या संस्था आहेत. पैसे बेताचेच मिळतात, पण थीसिस बहुतेक वेळा तिथूनच निघतो. सरसकट अर्ज टाकू नका; ज्या संशोधकाचा विषय आवडलाय त्याला चार ओळींचं नीट पत्र लिहा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन भाषा बी१ या मधल्या पातळीपर्यंत न्या, कारण चहाच्या वेळी सगळी संस्था जर्मनमध्येच बोलते आणि कोणता प्रोजेक्ट येतोय ते तिथेच कळतं.

घर मिळायला वेळ लागतो, विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र येताच वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. पत्ता नोंदवायला घरमालकाची सही लागते. ती द्यायला जो तयार नाही त्याचं घर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. सीमेपलीकडे नेदरलँड्समधलं फाल्स गाव बसने जवळ आहे आणि भाड्याचा मोह होतो, पण आपला परवाना जर्मनीत राहण्याचा. फाल्सला फिरायला जा. तिथे तीन देश जिथे मिळतात ती टेकडी ३२२ मीटरची, डच लोकांना तिचं फार कौतुक; आपलं पुणं त्याहून उंचावर आहे.

स्वयंपाकाची काळजी आईला सांगाल तितकी नाही. मसूर डाळ कुठल्याही दुकानात मिळते, भेंडी-कोथिंबीर तुर्की दुकानात. रविवारी सगळं बंद, तेव्हा दूध शनिवारीच आणा. भारतातून येताना कुकर आणि गोडा मसाला आणा, तांदूळ मुळीच आणू नका.