आरपीजी खेळताना कॅमेरा कसा लावावा: आधी खुर्ची, मग नजर

मागच्या पावसाळ्यात मी फोंड्याच्या घरी ‘द विचर ३’ हा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम, खेळत होते आणि आई मागे बसून अळमी (रानातली अळंबी) साफ करत होती. गेमची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, पण डोळा पडद्यावर होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली, “बाय, ह्याची दाढी वाढली गो. न्हाव्याकडे ने त्याला.” खरंच वाढली होती. त्या गेममध्ये गेराल्ट या नायकाची दाढी दिवसांगणिक वाढते आणि न्हाव्याकडे जाऊन ती काढता येते. पुढे त्याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ लावला, तेव्हा तासभर बघून आईने विचारलं, “पण ह्यात तू कुठं आहेस?” हात दिसत होते, पिस्तूल दिसत होतं, पण माणूस कुठेच नव्हता.

आईच्या या दोन वाक्यांवर मी खूप विचार केला, कारण माझा रोजचा धंदाही हाच आहे. मी घरांचे नकाशे काढते. वरून काढलेला नकाशा लोक पाहतात आणि मान डोलावतात. तेच घर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दाखवलं की म्हणतात, “अगो, हे राजांगण (घराच्या मधलं अंगण) एवढं अरुंद?” घर तेच, मापं तीच, फक्त पाहणारा आत आलेला असतो. गेममध्ये रमायचं तर कॅमेऱ्याकडे, म्हणजे गेम आपल्याला जिथून जग दाखवतो त्या जागेकडे, असंच बघावं लागतं.

सुरुवात मात्र सेटिंगपासून करू नका. खुर्चीपासून करा, मोजपट्टी घेऊन.

माझा मॉनिटर २४ इंची आहे, म्हणजे रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर. माझे डोळे त्यापासून ६० सेंटिमीटरवर असतात. हिशेब केला तर तो पडदा माझ्या नजरेतला जेमतेम ४८ अंशांचा तुकडा व्यापतो. हॉलमधला ४३ इंची टीव्ही मोठा वाटतो, पण अडीच मीटरवरच्या सोफ्यावरून तो फक्त २२ अंश भरतो. गेम या चौकटीत किती अंशांचं जग कोंबतो, त्याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. कन्सोलचे (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राचे) गेम लांबून टीव्हीवर खेळले जातात, म्हणून त्यांत हा आकडा सहसा लहान ठेवलेला असतो. तोच आकडा घेऊन तुम्ही मॉनिटरला नाक लावून बसलात, तर नळकांड्यातून बघितल्यासारखं होतं आणि थोड्या वेळाने पोटात ढवळतं.

माझ्या भाच्याचं हेच झालं. तेरा वर्षांचा पोर, ‘स्कायरिम’ वीस मिनिटं खेळला आणि घामाघूम होऊन म्हणाला, “आते, बसमध्ये लागते तसं लागलं.” अगदी बरोबर सांगितलं त्याने, फक्त उलट बाजूने. बसमध्ये पुस्तक वाचताना कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की स्थिर आहोत. इथे डोळे पळतात आणि शरीर खुर्चीत असतं. हा गेमचा किंवा पोराचा दोष नव्हे.

उपाय असा. पहिल्यांदा मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र धूसर करणारा परिणाम, बंद करा. मग कॅमेरा शेक (चित्राचे हादरे) आणि चालताना डोकं हलण्याचा परिणाम, जे जे सेटिंगमध्ये सापडेल ते बंद करा. मग फील्ड ऑफ व्ह्यू पाच-पाच अंशांनी वाढवत न्या आणि दर वेळी एखाद्या अरुंद खोलीत शिरून गर्रकन मागे वळा. जिथे वळताना भिंत अंगावर येत नाही, तिथे थांबा. मॉनिटरवर मी बहुतेक ९० च्या आसपास थांबते. त्याच्या फार पुढे जाऊ नका, हे कळकळीने सांगते. घरांची चित्रं करताना रुंद लेन्सने पंधरा फुटांची खोली पंचवीस फुटांची दाखवता येते, हे मला चांगलं माहीत आहे. गेममध्येही तसंच होतं: कडेचे खांब ताणले जातात, समोरचा माणूस लांब गेल्यासारखा दिसतो आणि गुहेतली भीती निघून जाते. भीती जवळिकीची असते.

एवढं झाल्यावरच फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून बघणं) की थर्ड पर्सन (पात्राला बाहेरून, मागून बघणं) हा प्रश्न घ्या. फर्स्ट पर्सनमध्ये माणूस जास्त रमतो, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही.

आधी विचारा, पात्र कोणाचं आहे? गेराल्ट हा आधीच घडलेला माणूस आहे. त्याचं वय आहे, व्रण आहेत, जुनी प्रेमं आहेत. त्याच्या डोळ्यांत जाऊन बसलं तर तोच दिसेनासा होईल. इथे आपण पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसलेल्या प्रवाशासारखे असतो. पणजीत बसस्टँडवरून पायलट केलात की रस्ता त्याच्या खांद्यावरून दिसतो, खड्डा आला की त्याची पाठ आधी ताठ होते आणि मग आपली. गाडी तो चालवतो, तरी वळणावर आपण झुकतोच. चांगला थर्ड पर्सन असा असतो. म्हणून ‘विचर ३’ खेळणार असाल तर कॅमेऱ्याचं अंतर बदलून पाहा. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून त्यात जवळचा कॅमेरा निवडता येतो. मी फिरताना जवळचा आणि लढाईत नेहमीचा ठेवते, कारण मागून येणारा लांडगा जवळच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि कोपऱ्यातला छोटा नकाशा बंद करा. तो चालू असताना मी रस्ता सोडून त्या ठिपक्यांकडेच बघत घोडा हाकत होते. बंद केल्यावर पाट्या वाचायला लागले, टेकड्यांवरून दिशा ओळखायला लागले.

‘सायबरपंक’मध्ये पर्याय जवळपास नाहीच. गाडीत बसलात तर बाहेरचा कॅमेरा मिळतो, बाकी सगळं पात्राच्या डोळ्यांतून. खेळता खेळता चेहरा बघायचा तर आरशासमोर उभं राहायचं. पण कोणी बोलत असताना मान फिरवून खिडकीबाहेर बघता येतं, आणि ते मी मुद्दाम करते. समोरचा धमकी देत असताना आपण त्याच्याकडे बघायचं की दाराकडे, हे ठरवता येणं हीच तिथली भूमिका.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ माझा वरचा नियम मोडतो, आणि म्हणून तो मला सगळ्यांत जवळचा आहे. १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला मुलूख. हेन्रीसुद्धा घडलेलं पात्र आहे, लोहाराचा मुलगा, तरी कॅमेरा फर्स्ट पर्सनच. तो चपखल बसतो, कारण हेन्रीला काहीच येत नाही. तलवार येत नाही, वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट दिसतात आणि तो शिकत जातो तशी ती जुळत जातात. बंद शिरस्त्राण घातलं की पडदा काळा होऊन फक्त फट उरते. डोकं सुरक्षित, नजर अर्धी. कॅमेऱ्याला पात्रापेक्षा तसूभरही जास्त दिसत नाही. त्यामुळे माझा सल्ला असा: पात्र आपल्याइतकंच अडाणी असेल, तर त्याच्या डोळ्यांत जा. त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तर त्याच्या मागे उभे राहा.

‘स्कायरिम’मध्ये दोन्ही मिळतात, माउसच्या चाकाने किंवा कंट्रोलरची उजवी काठी दाबून, आणि तिथेच लोक घोळ घालतात. दर मिनिटाला आत-बाहेर केलं की कुठेच मन लागत नाही. मी जागेप्रमाणे ठरवते. उघड्या माळावर बाहेर, कारण बर्फात एकटं चाललेलं ते छोटं माणूस बघायला मिळतं. छप्पर आलं, घर असो वा थडगं, की आत. थडग्यात एक पथ्य कटाक्षाने पाळा. थर्ड पर्सनमध्ये भिंतीआड उभं राहून कॅमेरा फिरवला की कोपऱ्यापलीकडचं भूत दिसतं, पात्राला दिसत नसतानाही. एकदा अशी चोरून नजर टाकलीत की त्या खोलीतली सगळी धास्ती संपते. लढाई चालू असताना कॅमेरा बदलायचा नाही, हेही त्यातच आलं.

वरून दिसणाऱ्या गेमबद्दल थोडक्यात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये चार जणांची टोळी असते आणि लढाई डावपेचांची, तेव्हा वरचा कॅमेरा हवाच. पण संवाद सुरू झाला की गेम स्वतःहून चेहऱ्यांजवळ नेतो, आणि मधल्या वेळेत लोक कॅमेरा वरच विसरतात. नव्या जागी पोचलात की चाक फिरवून तो खाली खांद्यापर्यंत आणा, भिंती नीट बघा, मग लढाई लागल्यावरच वर न्या. नकाशातलं घर आणि पायाखालचं घर यांतला फरक तिथे चटकन कळतो.

भाच्याची खुर्ची मी हातभर मागे सरकवली, आकडा ९० वर नेला, मोशन ब्लर बंद केला आणि खिडकी उघडी ठेवली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस, पोटात ढवळायच्या आधीच थांबायचं, असं ठरवून दिलं. चवथीच्या सुट्टीत आला तेव्हा सलग पाऊण तास खेळला. एका थडग्याच्या दाराशी थबकला, चाकावरचं बोट उचललं आणि म्हणाला, “आते, बाहेरून नाही बघत हां,” आणि तसाच आत शिरला.