रेसिंग ड्रायव्हरची सुपरकार घेताना या चुका टाळा

फेरारी एफ४०, एन्झो, बुगाटी ईबी११० यांसारखी एखादी गाडी विक्रीला निघते आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत फॉर्म्युला वन ड्रायव्हरचं नाव झळकतं. अशा व्यवहारात पैसे दोन गोष्टींचे मोजले जातात: गाडीचे आणि नावाचे. दोन्हींची तपासणी वेगळी, ती करणारी माणसंही वेगळी. नावाच्या भरात गाडी तपासायची राहून जाते, नाहीतर गाडी ठणठणीत निघाली म्हणून नावही खरंच असेल असं गृहीत धरलं जातं. पैसे बुडतात ते बहुधा या दोनपैकी एका वाटेने.

चूक: "त्याची गाडी" एवढ्यावर समाधान मानणं

ड्रायव्हरने गाडी स्वतःच्या नावावर विकत घेतली, कंपनीने त्याला वापरायला दिली, मित्राची गाडी त्याने चालवली, की फोटोपुरता तो तिच्यात बसला? जाहिरातीत हे चारही प्रकार एकाच थाटात सांगितले जातात. किमतीत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडायला हवा. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये एक लाल होंडा एनएसएक्स ५ लाख पौंडांना विक्रीला आली. फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेन्ना पोर्तुगालमध्ये असताना ती चालवत असे आणि तिच्यासोबतचे त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण गाडी होती त्याच्या मित्राच्या मालकीची. यात खोटं काही नाही, फक्त "सेन्नाची गाडी" आणि "सेन्नाने चालवलेली गाडी" यांचे भाव एक असू शकत नाहीत.

म्हणून फोटो आणि सही बाजूला ठेवा. डॅशबोर्डवरची सही पाच सेकंदांत होते, तीही कुणाच्याही गाडीवर. आधी नोंदणीचे कागद मागा:

- इटलीत नोंदलेली गाडी असेल तर नंबर प्लेटवरून सार्वजनिक वाहन नोंदणीतून मालकांचा कालानुक्रमे उतारा मिळतो. आपल्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखाच हा कागद. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका, स्वतः अर्ज करून ताजा काढा.
- जर्मन गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक हातचं जाऊ देऊ नका. ऑक्टोबर २००५ नंतरच्या नव्या कागदावर दोनच मालकांच्या नोंदींना जागा असते, त्यामुळे ड्रायव्हरचं नाव बहुधा जुन्याच पुस्तकात सापडतं. ते "हरवलं" असेल तर त्या नावाचे पैसे देऊ नका.
- ब्रिटिश लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे त्या लॉगबुकवरच छापलेलं असतं. त्यावर गाडी कोण बाळगतो याची नोंद असते. मालकीसाठी मूळ बिल आणि पैसे भरल्याची पावती लागते.

बरेच ड्रायव्हर मोनॅको किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहतात आणि त्यांच्या गाड्या अनेकदा कंपनीच्या नावावर असतात. ही तशी अडचण नाही, पण ती कंपनी त्या काळात त्याचीच होती हे दाखवणारा कागद फाइलमध्ये हवा. तारखाही जुळवून बघा. सर्व्हिस बिलावरचं नाव, पत्ता आणि किलोमीटर नोंदणीच्या काळाशी जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

चूक: एकाच देशात चोरीची चौकशी करणं

फॉर्म्युला वन ड्रायव्हर गेरहार्ड बर्गरची लाल फेरारी एफ५१२एम एप्रिल १९९५ मध्ये सॅन मारिनो ग्रां प्रीच्या वेळी इटलीतल्या इमोलातून चोरीला गेली. ती जपानला पोचली आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आली. तिथल्या एका दलालामार्फत ती अमेरिकेतल्या ग्राहकाला विकली जात असताना फेरारीने तपासणी केली, तेव्हा ती चोरीची असल्याचं उघड झालं. लंडन पोलिसांनी २०२४ मध्ये गाडी ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. चोरीनंतर जवळजवळ २९ वर्षांनी!

स्थानिक डेटाबेसमध्ये गाडी "स्वच्छ" दिसली तर फक्त त्या देशात तक्रार नाही एवढंच कळतं. चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) ठोकलेला १७ अक्षर-आकड्यांचा क्रमांक (फेरारीचा 'झेडएफएफ'ने सुरू होतो), इंजिन क्रमांक आणि गिअरबॉक्स क्रमांक यांचे जवळून फोटो घ्या आणि अधिकृत डीलरमार्फत थेट कारखान्याकडून खातरजमा करा. इसार द्यायच्या आधी, नंतर नव्हे. इसारही विक्रेत्याच्या खात्यात न टाकता वकिलाच्या राखीव खात्यात ठेवा आणि तपासणीत दोष निघाल्यास तो परत मिळेल असं लेखी घ्या.

चूक: कमी किलोमीटर म्हणजे उत्तम गाडी

खर्चाचा खरा खड्डा इथे आहे. ड्रायव्हर वर्षातले बरेच महिने बाहेर असतो आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहते. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, सील आटतात, पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. एफ४० चं उदाहरण घेऊ: १९८७ ते १९९२ मध्ये बनलेली, २.९ लिटरचं आठ सिलिंडरांचं (व्ही८) इंजिन, त्याला जादा हवा पुरवणारे दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती.

पहिलं, पेट्रोलच्या टाक्या. युरोपीय एफ४० मध्ये रेसिंग गाडीसारख्या दोन रबरी पिशव्या असतात, एकूण १२० लिटरच्या. त्यांचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात. किलोमीटर किती झाले याच्याशी त्याचा संबंध नाही. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर "जुन्या गाडीला येतोच" हे उत्तर स्वीकारू नका. पिशवी झिरपतेय आणि मागे तापलेले टर्बो आहेत. बदलल्याचं बिल आणि पिशवीवरची उत्पादनाची तारीख, दोन्ही बघा.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर चालवणारा पट्टा. गाडी हललीसुद्धा नसली तरी काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. "फक्त ५०० किलोमीटर झाले, म्हणून बदलला नाही" असं ऐकू आलं तर त्या कामाची रक्कम किमतीतून वजा करूनच बोला.

तिसरं, टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. '२३१७' म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी दहा वर्षांच्या टायरवर चाचणी घेऊ नका. मागचे टायर ३३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, कडक झालेल्या रबरावर टर्बोचा झटका बसला की गाडी क्षणात आडवी होते.

चौथं, रंग. ही तपासणी हमखास चुकते. एफ४० चा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पण बाहेरचे पॅनेल कार्बन-केव्हलारच्या विणलेल्या धाग्यांचे (कंपोझिट) आहेत. रंगाची जाडी मोजणारं नेहमीचं यंत्र धातूवरच चालतं, इथे ते काहीच सांगत नाही. कंपोझिटवर मोजणारं अल्ट्रासोनिक यंत्र लागतं, तपासनिसाला ते आधीच विचारून घ्या. शिवाय डोळ्यांनाही एक खूण दिसते. कारखान्यात वजन वाचवण्यासाठी रंग इतका पातळ मारत की तिरक्या उजेडात खालची विणकाम-नक्षी उमटलेली दिसते. सगळ्या गाडीवर नक्षी आहे आणि एकाच पॅनेलवर गुळगुळीत चकाकी असेल, तर ते पॅनेल पुन्हा रंगवलंय. का रंगवलं, ते विचारा.

आणि विक्रेत्याला बजावून ठेवा की तुम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. हात लावून बघा, गार असलं पाहिजे. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघाला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह गाइड संशयित. नंतर आठही सिलिंडरांची कॉम्प्रेशन (दाब किती बनतो) आणि लीक-डाउन (दाब किती गळतो) चाचणी करून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा.

एन्झोसारख्या पुढच्या पिढीत तपासणीचे मुद्दे बदलतात. क्लच किती झिजला ते निदान-संगणकावरून वाचता येतं, तो छापील कागद मागा. ब्रेकच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कची झीज नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, ती वजनावरून ठरवतात. त्या काळातल्या फेरारींची आतली बटणं चिकट होतात, पण तो किरकोळ खर्च. त्यावर घासाघीस करत बसू नका.

चूक: कारखान्याच्या प्रमाणपत्राकडून भलतीच अपेक्षा

फेरारीच्या क्लासिक विभागाचं प्रमाणपत्र सांगतं की चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी मूळ नोंदींशी जुळतात. गाडी कुणाची होती किंवा आज टाक्या झिरपतात का, हे तपासणं त्याचा उद्देश नाही.

चूक: ड्रायव्हरच्या खुणा पुसणं

सेबास्टियन वेटेलने २०२१ मध्ये आपल्या संग्रहातल्या आठ गाड्या विकायला काढल्या. त्यातल्या लाफेरारीच्या सीटवर त्याचा स्वतःचा लोगो भरलेला होता. अशी सीट "मूळ स्वरूपात" आणायला गेलात तर ज्याचे जादा पैसे मोजले तेच स्वतःच्या हाताने उपटून टाकाल. अपघाताचंही तसंच. मायकेल शूमाकरच्या पिवळ्या ईबी११० सुपर स्पोर्टचा ट्रकशी झालेला अपघात जगजाहीर आहे, तो त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग. दुरुस्ती कुणी केली आणि कागद कुठे आहेत, एवढंच बघायचं. लपवलेला अपघात मात्र सौदा मोडायला पुरेसा आहे.

चूक: नावाचा भाव कायम टिकेल असं मानणं

नायजेल मॅन्सेलची एफ४० १९९० च्या सुमारास सुमारे १० लाख पौंडांना विकली गेल्याचं सांगतात. नव्या गाडीची ब्रिटनमधली छापील किंमत तेव्हा २ लाखांच्या आत होती. पुढे लगेच बाजार कोसळला. म्हणून आधी त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या आणि नाव नसलेल्या गाडीचा भाव काढा. वरची रक्कम नावाची. गाडी लिलावात घेणार असाल तर ती किती द्यायची हे आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा. हातोड्याच्या किमतीवर (शेवटच्या बोलीवर) लिलावगृहाचं कमिशन चढतं, अनेकदा १० टक्क्यांहून जास्त, आणि गाडी "आहे त्या स्थितीत" विकली जाते.

चूक: आणायची कशी, हे शेवटी बघणं

ब्रिटनमध्ये ३० वर्षांवरील, मूळ स्थितीतली आणि उत्पादन बंद झालेली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून आणता आली तर सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के लागतो. ब्रेक किंवा इंजिनात मोठे फेरफार असतील तर ही सवलत जाऊ शकते. जुन्या मालकाने बसवलेली रेसिंग ब्रेकची जोडी अशी महागात पडते.

भारतात आणायचा विचार असेल तर इसाराआधीच थांबा. वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. एफ४० कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगनेच निघाली, ब्रुनेईच्या राजघराण्यासाठी केलेले मोजके अपवाद सोडले तर. ५० वर्षांवरील विंटेज गाड्यांची सवलत वेगळी आहे, पण सर्वांत पहिल्या एफ४० लाही तिथवर पोचायला २०३७ साल उजाडेल. तोपर्यंत गाडी परदेशातच ठेवायची असेल तर तापमान आणि आर्द्रता सांभाळणारी जागा, बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारं यंत्र) आणि ठरलेल्या किमतीचा विमा यांचा वर्षाचा खर्च खरेदीच्या हिशेबात पहिल्याच दिवशी धरा.