कपॅसिटरचं चार्ज-डिस्चार्ज समजून घेताना या चुका टाळा

९ व्होल्टचा सप्लाय, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले. रेझिस्टन्स (आर) गुणिले कपॅसिटन्स (सी), म्हणजे टाइम कॉन्स्टंट किंवा आरसी, आला १ सेकंद. मग स्विच लावल्यावर १ सेकंदाने कपॅसिटरवर किती व्होल्ट असतील? 'नऊ' हे उत्तर इतक्या वेळा ऐकू येतं की सुरुवात तिथूनच करावी लागते. खरं उत्तर आहे सुमारे ५.७ व्होल्ट.

लक्ष ठेवायचं ते उरलेल्या फरकावर. सप्लाय ९ व्होल्ट आणि कपॅसिटर रिकामा, तेव्हा सगळे ९ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट असतो ०.९ मिलिअँपिअर. कपॅसिटरचं व्होल्टेज जसजसं चढतं तसतसा रेझिस्टरच्या वाट्याचा फरक घटतो, म्हणून करंट घटतो, म्हणून चढण्याचा वेगही मंदावतो. प्रत्येक टाइम कॉन्स्टंटमध्ये उरलेला फरक आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो. म्हणून कपॅसिटर पहिल्या टप्प्यात ६३ टक्के, दुसऱ्यात ८६, तिसऱ्यात ९५, चौथ्यात ९८ आणि पाचव्यात ९९.३ टक्क्यांवर पोचतो. इथे आला की व्यवहारात तो पूर्ण चार्ज झाला असं धरतात. 'निम्म्या वेळात निम्मं' हा हिशेबही यामुळेच फसतो. निम्मं व्होल्टेज यायला आरसीच्या ०.६९ पट वेळ लागतो.

करंट शून्यापासून हळूहळू वाढत जातो, असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या क्षणी तो सर्वात जास्त असतो. रिकामा कपॅसिटर त्या क्षणापुरता साध्या तारेसारखा वागतो. करंट एकदम उडी मारू शकतो, पण कपॅसिटरचं व्होल्टेज तसं उडी मारत नाही. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मे आलेख न पाठ करता काढता येतात.

सूत्र दोन नकोत, एकच ठेवा

चार्जिंगचं सूत्र वेगळं, डिस्चार्जिंगचं वेगळं, असं शिकवलं जातं आणि परीक्षेत दोघांची अदलाबदल होते. माझं ठाम मत आहे की एकच सूत्र लक्षात ठेवावं:

व्होल्टेज = शेवटचं + (सुरुवातीचं − शेवटचं) × ई^(−वेळ ÷ आरसी)

यातला ई म्हणजे सुमारे २.७१८ हा स्थिर आकडा. हे सूत्र वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा. कपॅसिटर आत्ता किती व्होल्टवर आहे? त्याला तसंच सोडलं तर तो शेवटी कुठे थांबेल? आणि त्याचा चार्ज कोणत्या रेझिस्टन्समधून येणार-जाणार आहे? माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका यातला एखादा प्रश्न वगळल्यामुळेच झालेल्या असतात.

उदाहरण घ्या. सप्लाय ५ व्होल्ट, आरसी १ सेकंद, आणि ३ व्होल्ट कधी येतील ते हवंय. कपॅसिटर रिकामा असेल तर उत्तर ०.९२ सेकंद. त्यात आधीच १ व्होल्ट शिल्लक असेल तर ०.६९ सेकंद. टायमर पहिल्यांदा एक वेळ दाखवतो आणि लगेच पुन्हा चालवला की कमी वेळ दाखवतो, याचं कारण बहुधा हेच असतं: मागच्या खेपेचा चार्ज पुरता गेलेलाच नसतो.

तिसरा प्रश्न सर्वात दगा देतो. समजा ९ व्होल्टवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खालच्या रेझिस्टरला समांतर जोडलाय. इथे शेवटचं व्होल्टेज ९ नाही, ४.५. टाइम कॉन्स्टंटही १ सेकंद नाही. सप्लायच्या जागी तार आहे असं समजा आणि कपॅसिटरच्या दोन पायांकडून सर्किटकडे पाहा. दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतील, म्हणजे ५ किलोओहम, आणि वेळ ०.५ सेकंद. आता सप्लायचा स्विच उघडला की वरचा रेझिस्टर खेळातून बाद होतो. डिस्चार्ज फक्त खालच्यातून होतो आणि टाइम कॉन्स्टंट १ सेकंद होतो. तेच सर्किट, पण भरण्याचा आणि रिकामं होण्याचा वेग वेगळा.

उत्तर हजारपटीने चुकलं असेल तर आधी एककं तपासा. किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलिसेकंद, मेगाओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे सेकंद. सिरॅमिक कपॅसिटरवरचा १०४ हा आकडा म्हणजे १० आणि पुढे चार शून्यं, तेही पिकोफॅरडमध्ये. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

हिशेब बरोबर, पण मीटर वेगळंच सांगतोय

बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स सुमारे १० मेगाओहम असतो, आणि मीटर लावला की तो सर्किटचाच भाग होतो. १ मेगाओहममधून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ९ व्होल्टवर चार्ज करून पाहिला तर मीटर ८.२ व्होल्टच्या आसपास अडकतो. सप्लाय काढला की आकडा हळूहळू उतरू लागतो आणि कपॅसिटरवर लीकेजचा आळ येतो. वास्तविक तो मीटरमधूनच, १०० सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने, रिकामा होत असतो. प्रयोगासाठी १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घ्या. आरसी तेवढाच, १० सेकंद, पण मीटरमुळे येणारी चूक सुमारे १ टक्क्यावर येते.

त्यानंतरही फरक उरला तर कपॅसिटरचं माप घ्या. इलेक्ट्रोलिटिकमध्ये छापील आकड्यापासून २० टक्के कमी-जास्त ही नेहमीची गोष्ट आहे. १ सेकंदाऐवजी ०.८५ आला म्हणून वही पुन्हा पुन्हा तपासत बसू नका.

पोलॅरिटीबद्दल थोडक्यात: ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो, पण बोर्डावर बसणाऱ्या चौकोनी टँटलमवरचा पट्टा धन टोक दाखवतो. उलटा लावलेला कपॅसिटर तापतो आणि फुटूही शकतो.

स्विच बंद केला म्हणजे रिकामा झाला असं समजू नका

चार्जला जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. ९ व्होल्टवर याने फक्त मोजमाप बिघडतं. पण पॉवर सप्लायमधला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टवर असेल तर त्यात ८ जूल ऊर्जा असते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडायची सवय सोडा. मध्ये रेझिस्टर नसल्याने करंट प्रचंड होतो, ठिणगी उडते, टोक वितळतं आणि कपॅसिटरही दुखावतो. उपकरणाचा प्लग काढा आणि १० किलोओहमचा, ५ ते १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडा. सुरुवातीचा करंट ४० मिलिअँपिअर, टाइम कॉन्स्टंट १ सेकंद, पाच सेकंदांनी उरतात ३ व्होल्टपेक्षा कमी. मग मीटर लावून खात्री करा. रेझिस्टर काढल्यावर डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेटरमध्ये, अडकलेला चार्ज परत येऊन व्होल्टेज थोडं वर चढतं, मोठ्या कपॅसिटरमध्ये तर ते जाणवण्याइतकं. म्हणून काही मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजा आणि हात लागण्याची शक्यता असेपर्यंत रेझिस्टर जोडलेलाच ठेवा.