जॅक्सन वाचताना आधी एककं बघा

एमएस्सीला जॅक्सनच्या ‘क्लासिकल इलेक्ट्रोडायनॅमिक्स’ या विद्युतगतिकीच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: पहिली १० प्रकरणं एसआय एककांत आहेत, ११व्यापासून, म्हणजे सापेक्षतेपासून पुढे, गाउसियन (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदावर आधारलेली पद्धत). परीक्षेच्या तोंडावर हमखास इथेच घोळ होतो. वहीच्या प्रत्येक पानावर वर एककपद्धत लिहून ठेवा. निर्वातातल्या सूत्रांचं रूपांतर तसं सोपं आहे. एसआयमध्ये ‘चार पाय एप्सिलॉन-नॉट’ने (4πε₀) भागलेला प्रभाराचा वर्ग दिसला की गाउसियनमध्ये नुसता वर्ग ठेवायचा, चुंबकीय क्षेत्र आलं की त्याला प्रकाशवेगाने भागायचं. लार्मोरच्या सूत्रावर (त्वरण असलेला प्रभार किती ऊर्जा उत्सर्जित करतो ते) आणि लॉरेंट्झ बलावर (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात प्रभारावरचं बल) हे एकदा करून बघा. माध्यमं आली की मात्र पुस्तकाच्या परिशिष्टातला तक्ताच उघडावा, तिथे स्मरणशक्तीवर भिस्त नको.